मुक्काम जयपूर : न वाचलेला शोधनिबंध

जयपूरला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, हवामहाल पाहिलात का? मी पाहिला नाही. म्हणजे रिक्षातून जाताना काहीतरी गुलाबी दिसलं आणि रिक्षावाला "वो रहा हवामहल" म्हणेपर्यंत मध्ये एक बस आली. आमेरचा किल्लाही लांबूनच पाहिला. तेव्हा ज्यांना जयपूरची स्थळं वाचायची असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं. माझ्या जयपुरात एक गच्ची आहे, एक सभागृह आहे आणि चौमूं गावातलं बी-बियाण्याचं एक दुकान आहे. या तिन्ही ठिकाणी माझी जी शोभा झाली ती मी आपल्या हातांनी करून घेतली. दोन संक्रांती उलटल्या, तरी सांगताना कान तापतातच.

शास्त्री नगर

मी कऱ्हाडच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. जयपुरात मी ज्यांच्याकडे उतरलो ते मोघे सर माझे शिक्षक नव्हेत. ते मूळचे वाईचे, पण तरुणपणी जयपूरला नोकरी लागली आणि तिथलेच झाले. त्यांचा विषय हार्मोनिक अ‍ॅनालिसिस. कितीही गुंतागुंतीची लहर असो, ती साध्या लहरींमध्ये सुटी करायची आणि ते सुटे भाग पुन्हा मिळवले तर मूळची लहर परत मिळते का ते बघायचं, असं हे शास्त्र. सुटे भाग अनंत असतात, त्यामुळे सगळी गंमत आणि सगळं दुखणं त्या मिळवण्यात असतं. सरांनी ऐन तिशीत एक अंदाज सिद्ध केला होता, ताणलेल्या दोरीवरच्या लहरींसाठी. माझी पीएचडी त्या अंदाजाच्या खांद्यावर बसून झाली. तोच अंदाज तळ्यातल्या लहरींसाठी, म्हणजे दोन दिशांनी पसरणाऱ्या लहरींसाठी खरा आहे का, हा प्रश्न सर तेव्हापासून उराशी धरून होते. आता त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, जयपूरच्या मराठी मंडळींनी आणि जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला आणि सरांनी मला फोन केला, "ये. झालंय माझं."

शास्त्री नगरातलं त्यांचं घर दाटीवाटीत आहे. शेजारच्या घराची गच्ची आणि यांची गच्ची यांमध्ये गुडघाभर उंचीची भिंत. गच्चीवर एक खोली, तिची एक भिंत काळ्या रंगाने रंगवलेली. सर पहाटे उठून तिथे जातात आणि परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने लिहितात. मोघे काकूंनी हे सगळं मला चहाबरोबर सांगितलं. घरात मराठी अजून साताऱ्याकडची होती, पण मध्येच एखादं "मतलब" टपकायचं.

"तू आलास ते बरं केलंस शिरीष," काकू म्हणाल्या. "ह्यांना खरं सांगणारं कुणी उरलं नाही बघ. इथले सगळे आपले 'सरजी कमाल है, सरजी कमाल है'. मतलब, वाचत कुणीच नाही. तीनदा ह्यांना वाटलं झालं आणि तीनदा ह्यांनीच चूक काढली. चौथ्यांदा लोकांसमोर तसं व्हायला नको. तू नीट बघ हां."

मी कऱ्हाडहून नेलेला तिळगूळ पुढे केला आणि रिवाजाप्रमाणे म्हणालो, "गोड बोला."

सर हसले. "गोड बोलायला इथे पुष्कळ आहेत. तू खरं बोल." आणि त्यांनी टाइप केलेला शोधनिबंध माझ्या हातात ठेवला. "परवा व्याख्यानात हेच मांडणार आहे. चूक असेल तर मला इथे सांग. तिथे नको."

आमच्या धंद्यातली एक खोड इथे सांगायला हवी. शोधनिबंध हातात आला की आम्ही तो मागून उघडतो. आधी संदर्भांची यादी, तिच्यात आपलं नाव आहे का ते पाहायला. होतं. मग आभार. तिथेही होतं : "हस्तलिखित काळजीपूर्वक वाचल्याबद्दल डॉ. शिरीष गद्रे यांचे आभार." मी वाचण्याआधीच सरांनी आभार मानून ठेवले होते. मी सुखावलो, निबंध पिशवीत ठेवला आणि ठरवलं की उद्या सकाळी निवांत वाचू.

दुसरा दिवस संक्रांतीचा. आपल्याकडे संक्रांत घरात असते. हळदीकुंकू, वाण, काळी साडी. तिकडे ती गच्चीवर असते. सकाळी निबंध घेऊन मी वर गेलो तर सगळं शास्त्री नगर वर आलेलं. प्रत्येक गच्चीवर गाण्यांचे कर्णे, प्रत्येक कठड्यावर बायकापोरं, आणि आभाळात पतंगांना जागा नाही. शेजारचे शर्माजी, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे गृहस्थ, त्यांनी भिंतीपलीकडून मांज्याची चक्री माझ्या हातात दिली. "किताब रख दो प्रोफेसर साहब! आज के दिन तो भगवान भी पतंग उडाते हैं!"

मी निबंध खोलीत ठेवला. थोडाच वेळ म्हणून. शर्माजींनी माझी शिकवणीच घेतली. "ढील दो, ढील! अरे खींचो मत!" समोरच्या गच्चीवरचा पिवळा पतंग मी काटला तेव्हा दोन्ही गच्च्यांवरून "वो काटा!" अशी आरोळी उठली, आणि खरं सांगतो, पीएचडी मिळाली तेव्हासुद्धा मला इतकं थोर वाटलं नव्हतं. मांज्याने बोट कापलं, तेही मी मिरवलं. शर्मावहिनींनी दुधात भिजवलेली फीणी आणून दिली. शेवयांहून बारीक, जिभेवर ठेवली की नाहीशी होते. त्यांचे तिळाचे लाडूही मऊ. आपल्या तिळगुळाला दात लागतात. काकूंनी वाण म्हणून शर्मावहिनींना वाट्या दिल्या, तर त्यांच्याकडून स्वेटरला लावायच्या चौदा पिना आल्या. तिकडे वाण चौदा वस्तूंचं देतात म्हणे.

दिवस मावळला तेव्हा निबंध खोलीत जिथे ठेवला होता तिथेच होता.

खाली काकू भाकरी थापत होत्या. सरांनी विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं सर."

"सगळं?"

"हो. सुंदर झालंय."

का बोललो? माझा हिशेब असा की माणूस मोठा, आयुष्य या एका प्रश्नात घालवलेला, तीनदा स्वतःच चूक काढलेला. त्याने चौथ्यांदा "झालंय" म्हटलं तर झालंच असणार. शिवाय रात्री चाळू की. काकूंचा हात परातीत थांबला होता. त्या माझ्याकडे वळून बघून अशा हसल्या की मला आणखी एक भाकरी घ्यावी लागली. मग मी अंथरुणावर पडलो आणि पतंग उडवून दमलेल्या माणसाला लागते तशी झोप लागली.

विद्याधर नगर

सत्कार विद्याधर नगरमधल्या एका सभागृहात होता. रस्ते रुंद, घरांना अंतर, शास्त्री नगरच्या मानाने सगळं सुटसुटीत. अर्धी माणसं मराठी. बँकांतले, विमा कंपन्यांतले, बदलीवर आलेले अधिकारी आणि त्यांच्या बायका. त्यांची मुलं आपसात हिंदीत बोलत होती आणि आई-बापांनी डोळे वटारले की "नमस्कार काका" म्हणत होती. उरलेले गणितातले. सरांना लाल साफा बांधला होता. त्यात ते लग्नातल्या व्याह्यांसारखे दिसत होते. काकू पहिल्या रांगेत, हिरव्या इरकलीत.

सरांनी सुरुवात मंडळींसाठी केली. "लग्नसराईत आमच्या गल्लीत बँड वाजतो, तेव्हाच कुकरची शिट्टी होते, तेव्हाच भाजीवाला ओरडतो. कानात हे सगळं एकच हेलकावा होऊन शिरतं. तरी आमच्या हिला कळतं की शिट्टी तिसरी झाली. मी पन्नास वर्षं जे करतोय ते हेच." सभागृह हसलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग ते फळ्याकडे वळले आणि म्हणाले, "आता थोडं गणित. घाबरू नका, हे सगळं कऱ्हाडच्या डॉक्टर गद्रेंनी तपासलेलं आहे." लोकांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. बोटाला पट्टी होती.

सर लिहीत गेले. अक्षर जुन्या मास्तरांसारखं टपोरं. मी पहिल्यांदाच ते प्रमेय वाचत होतो, फळ्यावर, शंभरेक लोकांच्या बरोबरीने. आणि मधोमध आल्यावर मी अडलो. सरांनी एका ओळीत दोन अनंत क्रियांचा क्रम बदलला होता. आधी जे शेवटी करायचं होतं ते पुढे आणलं होतं. हे कधी चालतं, कधी चालत नाही. फोडणीत आधी पाणी आणि मग तेल घालून बघा. दोरीच्या लहरींना ते चाललं होतं, म्हणून त्यांचा हात सवयीने पुढे गेला असावा. इथे ते का चालावं याचं कारण मला दिसेना. मी मनातल्या मनात तीन-चार वाटा चाचपल्या. एकही पोचेना.

व्याख्यान संपलं. टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने रिवाज म्हणून विचारलं, "कोई प्रश्न?" अशा समारंभात कुणी प्रश्न विचारत नसतं. पण मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. शाल घट्ट गुंडाळलेली, आवाज बारीक. सर खुशीत म्हणाले, "हां, संतोष, पूछो." सरांच्या बोलण्यात दोन दिवस या संतोषचं नाव येत होतं, चौमूंहून बसने शिकायला येणं, डोकं हुशार. मी तो मुलगा धरून चाललो होतो. राजस्थानात संतोष मुलीचंही नाव असतं.

"सर, वो बीच में जो आपने ऑर्डर बदला है," ती म्हणाली, "वो यहाँ क्यों बदल सकते हैं? मुझे समझ नहीं आया."

सर फळ्याकडे वळले. मग हसत माझ्याकडे हात केला. "ये गद्रे साहब बताएँगे. इन्होंने पूरा देखा है."

मी उभा राहिलो. खरं बोलायचं तर सरांच्या अमृतमहोत्सवात, साफ्यासकट, त्यांचं प्रमेय पाडायचं. शिवाय मी वाचलंच नाही हेही सांगायचं. "तिथे नको," असं सर म्हणाले होते, ते मी ढालीसारखं पुढे धरलं. पण गप्प बसणं वेगळं, आणि मी जे केलं ते वेगळं. मी हसलो. "ये तो ज़ाहिर है. दो लाइन का काम है. एम.एस्सी. में पढ़ा होगा आपने, घर जाके कर लीजिए."

पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मुलगी "जी सर" म्हणून बसली. शालीत आणखी आत गेली. आमच्या विषयात "हे उघड आहे" याच्याइतकं सोयीचं शस्त्र नाही. ज्याच्या हातात असतं त्याला ते चालवायला काही यावं लागत नाही.

त्या संध्याकाळी सर घरी साफा उतरवायलाच तयार नव्हते. काकूंनी चुरमा केला होता आणि माझ्या ताटात तूप ओतत होत्या. "आज ह्यांना झोप लागेल बघ," त्या म्हणाल्या. मी घासागणिक ठरवत होतो की आता सांगू, आणि घासाबरोबर गिळत होतो.

चौमूं

सकाळी उन्हं यायच्या आधी मी गच्चीवर गेलो आणि निबंध पहिल्या पानापासून वाचला. आशा अशी की त्या दोन ओळी खरंच निघतील. कठड्यावर तुटलेल्या मांज्याची गुंतवळ पडली होती. उन्हं गच्चीभर पसरली तरी दोन ओळी निघाल्या नाहीत.

सर चहाचे कप घेऊन वर आले. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "सर, मी वाचलं नव्हतं. परवा खोटं बोललो. आज वाचलं. क्रम बदललाय तिथे भगदाड आहे."

सरांनी कप कठड्यावर ठेवले. "तू काल म्हणालास दोन ओळींचं काम आहे."

"हो."

"लिही." त्यांनी खडू पुढे केला.

"येत नाही सर."

ते काळ्या भिंतीकडे बघत उभे राहिले. चहावर साय धरली. शेवटी ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम पंच्याहत्तरचा दिसत होता. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. पण ते म्हणाले, "माझं राहू दे. ती पोर कालपासून त्या दोन ओळी शोधत बसली असेल."

मला हे सुचलंच नव्हतं. मी रात्रभर माझ्या अब्रूचा आणि त्यांच्या प्रमेयाचा विचार केला. त्या मुलीचा केलाच नव्हता.

"फोन करू?" मी म्हणालो.

"असलं फोनवर सांगतात? चपला घाल."

खाली काकूंना सरांनी एका वाक्यात सांगितलं. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिळगूळ खाऊन खोटं बोललास. मी त्याच्यावर विश्वास ठेवून झोपले रे." आणि आत गेल्या. रागावल्या असत्या तर सोसलं असतं.

सीकर रस्त्याला बस मिळाली. बाहेर पिवळी मोहरी, मटारची पोती भरलेल्या उंटगाड्या, आणि विजेच्या तारांवर लटकलेले संक्रांतीचे पतंग. एरवी मी हे डोळे भरून पाहिलं असतं. सर खिडकीशी बसले होते आणि बोटाने काचेवर काहीतरी लिहीत होते.

चौमूंच्या बाजारात संतोषच्या वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, मागे घर. वडील गल्ल्यावरून उठून धावत आले, सरांच्या पायाला हात लावला. "पधारो सरजी! थे आया, घणो आछ्यो हुयो. म्हारी छोरी तो काल सूं बोली ही कोनी. रोटी भी कोनी खाई." म्हणजे पोरगी कालपासून बोलली नव्हती आणि जेवलीही नव्हती.

ती आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती, भोवती कागद. आम्हाला पाहून उभी राहिली आणि पहिल्यांदा बोलली ते माझ्याशी. "सॉरी सर. मुझसे नहीं हुआ. बहुत कोशिश की. शायद मुझमें ही..."

"वो दो लाइन हैं ही नहीं," मी म्हणालो. "मैंने पेपर पढ़ा ही नहीं था. आपका सवाल सही था."

तिने सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने मला सोडवलं नाही. "तो फिर आपने ऐसा बोला क्यों, सर?"

तिचे वडील दारात उभे होते. मी "गलती हो गई" एवढंच म्हणालो, आणि तेही चूक होतं, कारण चूक आणि लबाडी यातला फरक आम्हा तिघांनाही कळत होता.

सर पुढे झाले. "दिखाओ, क्या कोशिश की."

तिने कागद पुढे केले. त्या नसलेल्या ओळींच्या मागे लागून ती उलट्या टोकाला पोचली होती. तिला एक अशी लहर सापडली होती की जिच्यावर क्रम बदलला की उत्तरच बदलतं. तिला वाटत होतं की तिचीच आकडेमोड चुकते आहे. सर ते कागद घेऊन खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी दुकानातून खडू मागवला आणि दोघं कोठीच्या लोखंडी दारावर लिहू लागले. "अरे वा! नहीं, रुको, रुको, ये देखो!" सर ओरडत होते. स्वतःचं प्रमेय मोडताना माणूस इतका हरखलेला मी पाहिला नाही. माझ्याकडे दोघांनीही वळून पाहिलं नाही. मी बियाण्याच्या पोत्यावर बसून बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि कढी खाल्ली. भाकरीवर लोणी आणि गूळ होता. इतकं चविष्ट जेवण घशाखाली उतरवायला मला कधी इतकं जड गेलं नव्हतं. संतोषही जेवली, लिहिता लिहिता.

परतीच्या बसमध्ये मात्र सरांचा उत्साह ओसरला. विद्याधर नगरचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते हळूच म्हणाले, "गेलं रे. तळ्यातलं गेलं." आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि माझा हात त्यांच्या हातावर ठेवायचं मला धैर्य झालं नाही. उतरताना एवढंच म्हणालो, "सर, आभारातून माझं नाव काढा."

"बघू," ते म्हणाले.

कऱ्हाड

पुढच्या वर्षी पाकीट आलं. सरांचा निबंध छापून आला होता. प्रमेय लहान झालं होतं, एक जादा अट घालून. आणि ती अट काढता येत नाही हे दाखवणारं उदाहरण संतोषचं होतं, तिच्या नावानिशी. मी सवयीने पान मागून उघडलं. आभार : पहिले संतोषचे. त्याखाली, शब्दही न बदलता : "हस्तलिखित काळजीपूर्वक वाचल्याबद्दल डॉ. शिरीष गद्रे यांचे आभार."

मी लगेच जयपूरला फोन लावला. "सर, हे काय? काढा म्हणालो होतो ना."

"त्यात खोटं काय आहे?" सर म्हणाले. "गच्चीवर वाचलंस की. चहा गार झाला होता माझा." मग काकूंनी फोन घेतला, कऱ्हाडला थंडी किती आहे ते विचारलं, आणि या संक्रांतीला ये म्हणाल्या. मी हो म्हणालो. गेलो नाही.

आमच्या प्राचार्यांच्या हाती मात्र तो निबंध लागला. कॉलेजचं नाव छापून आलं याचं त्यांना कौतुक. त्यांनी शेवटच्या पानाची झेरॉक्स काढून, माझ्या ओळीखाली लाल रेघ मारून, ती नोटीस बोर्डावर काचेआड लावली. मुलं येता-जाता थांबून वाचतात. एकाने मला वर्गात विचारलंसुद्धा, "सर, काळजीपूर्वक म्हणजे किती वेळा वाचावं लागतं?"

मी हल्ली मागच्या जिन्याने जातो.